सांवेर रोडचे ऊन आणि अंगावरचे कापड

इंदूर शहराच्या उत्तरेला बाणगंगेच्या पुढे सुरू होणारा सांवेर रोड सांवेर कसब्यावरून उज्जैनकडे जातो. आज त्याच्या दोन्ही बाजूंना औषधे, प्लास्टिक, खाद्यपदार्थ आणि यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. इंदूर सुमारे २२.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने जूनच्या आणि पुन्हा जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि माणसाची सावली त्याच्या पायांपाशी गोळा होते. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा उज्जैनवरून मोजली आणि अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने तेथेच वेधशाळा उभारली, त्यामुळे सूर्याची उंची मोजण्याची विद्या या भागाला नवी नाही. त्याच सूर्याखाली काम करणाऱ्या, चालणाऱ्या आणि खेळणाऱ्या माणसांनी अंगावर कोणते कापड घातले आणि का घातले, याचा इतिहास मात्र क्वचितच एकत्र मांडला गेला आहे.

या इतिहासात शिरण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. उन्हापासून होणारा त्रास दोन वेगळ्या वाटांनी येतो. पहिली वाट उष्णतेची. तीत हवेचे तापमान, जमिनीतून परत येणारी धग आणि शरीराची स्वतःची ऊब एकत्र येतात आणि घाम वाळू देणारे मोकळे कापडच तीवर उतारा ठरते. दुसरी वाट अतिनील किरणांची, म्हणजे दृश्य प्रकाशातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे असणाऱ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची, ज्यांचा शोध योहान रिटर या जर्मन संशोधकाने १८०१ मध्ये चांदीच्या क्षारावरील परिणामांवरून लावला. या किरणांनी त्वचा भाजते आणि दीर्घकाळात तिची हानी होते, परंतु त्यांची जाणीव अंगाला होत नाही. ते दुपारी बाराच्या आगेमागे सर्वांत तीव्र असतात, तर हवेचा पारा त्यानंतर दोन-तीन तासांनी शिखर गाठतो, त्यामुळे वारा सुटलेल्या, बऱ्यापैकी सुखद वाटणाऱ्या सकाळीही त्वचा होरपळू शकते. उन्हाळी सदऱ्याची निवड अवघड होते ती या दोन वाटांमुळेच, कारण उष्णतेसाठी विरळ कापड हवे आणि किरणांसाठी दाट. माळव्यातील वस्त्रपरंपरेचा इतिहास हा या दोन मागण्यांमध्ये वेळोवेळी केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे, आणि त्या तडजोडींपैकी सर्वांत जुनी तडजोड सर्वांत शहाणी होती, असे पुरावा तपासल्यावर म्हणावे लागते.

होळकरांच्या काळात या प्रदेशातील पोशाखात दख्खनी आणि माळवी असे दोन प्रवाह एकत्र आले. मल्हारराव होळकरांबरोबर आलेल्या मराठी शिलेदार, कारकून आणि पुरोहित कुटुंबांनी बाराबंदी, अंगरखा, उपरणे आणि पागोटे आणले. माळव्यातील शेतकरी आधीपासून धोतर, बंडी आणि साफा वापरत होता. बाराबंदी म्हणजे बटणांऐवजी बंदांनी छातीवर बांधायचा लांब बाह्यांचा अंगरखा आणि बंडी म्हणजे त्याचे आखूड, रोजच्या कष्टाचे रूप. त्यापेक्षाही सैल अशी पैरण गळ्यात घालून खाली सोडली जाई आणि तिच्या काखेत कापडाचा एक चौकोनी तुकडा जोडलेला असे, ज्यामुळे हात वर उचलताना शिवण ताणली जात नसे आणि बगलेतून वारा खेळत राही. कापड सरळ तुकड्यांत कापून, वाया न घालवता शिवण्याच्या या पद्धतीचे कारण काटकसर हेच असावे, पण कापड आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा पदर राखण्याचे काम तिने आपोआप केले. हा हवेचा पदर किती महत्त्वाचा असतो हे १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखवले: सिनाईच्या वाळवंटातील बदाऊनी लोकांचे काळे आणि पांढरे झगे घालून उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाच्या त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच भरली, कारण काळ्या कापडाने शोषलेली जास्तीची उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर त्वचेला न लागताच निघून गेली. माळव्यातील पैरणीवर असा प्रयोग झाला नसला तरी तिचा घाट त्याच तत्त्वाला धरून आहे.

पागोट्याची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून महेश्वर येथून राज्यकारभार पाहिला आणि परंपरेनुसार त्यांनीच बाहेरचे विणकर आणून नर्मदेच्या काठी वसवले. महेश्वरचे माग आज साड्यांसाठी प्रसिद्ध असले तरी दरबारी मानाच्या वस्त्रांसाठी आणि पागोट्यांसाठी लागणारे तलम सुती कापडही तेथे विणले जाई. हे कापड एकेरी धरले तर उन्हापुढे फारसे टिकणारे नाही. त्यातून पलीकडचे दिसते आणि जेथून प्रकाश जातो तेथून अतिनील किरणही जातात. परंतु पागोटे एकेरी कधी नसतेच. एका थरातून किरणांचा पाचवा हिस्सा आत येत असेल तर दोन थरांतून साधारण पंचविसावा आणि तीन थरांतून शंभराव्या हिश्श्याहूनही कमी येतो, कारण प्रत्येक थर आधीच्या थरातून आलेल्या किरणांची पुन्हा त्याच प्रमाणात काटछाट करतो. तलम कापडाचे अनेक वेढे म्हणजे वजन थोडे, घाम टिपण्याची ताकद भरपूर आणि किरणांना अडसर जवळजवळ पूर्ण. जाड कापडाच्या एका टोपीला या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. खांद्यावरचे उपरणे आणि शेतकऱ्याचा पंचा यांचे काम हेच होते: ज्या जागी ऊन लागेल त्या जागी, मानेवर, कानांवर किंवा पाठीवर, गरजेपुरता आणखी एक थर टाकता येई आणि सावलीत आल्यावर तो काढून त्यानेच घाम पुसता येई. स्त्रियांच्या लुगड्याचा डोक्यावरून घेतलेला पदर मर्यादेचा नियम म्हणून आला हे खरे, पण शेतात ओणवून काम करणाऱ्या बाईच्या मानेवर त्याने दिलेली सावलीही तितकीच खरी होती.

रंगाचाही यात वाटा होता. माळव्यात 'आल' नावाच्या झाडाच्या मुळांपासून टिकाऊ तांबडा रंग काढत असत, आणि विल्यम हंटर या कंपनीच्या शल्यचिकित्सकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये या झाडाची लागवड व रंगकाम यांचे तपशीलवार वर्णन केले. तुरटीच्या साहाय्याने धाग्यात बसवलेले असे वनस्पतिजन्य रंग अतिनील किरण शोषून घेतात, त्यामुळे त्याच विणीचे रंगवलेले कापड पांढऱ्या कापडापेक्षा अधिक संरक्षण देते, हे अलीकडच्या प्रयोगशाळांतून सिद्ध झाले आहे. ज्यांनी तांबडे साफे बांधले त्यांनी ते या हेतूने बांधले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. रंग शोभेसाठी, जातीच्या व गावच्या ओळखीसाठी आणि मळखाऊपणासाठी निवडला जाई. १८६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तांबडा रंग देणारे कृत्रिम अलिझरिन तयार केले आणि पुढील काही दशकांत आलची शेती मोडीत निघाली.

हा पोशाख खऱ्या अर्थाने कसाला लागतो तो उज्जैनच्या पंचक्रोशी यात्रेत. वैशाखाच्या कृष्ण पक्षात, म्हणजे माळव्यातील उन्हाच्या ऐन भरात, यात्रेकरू डोक्यावर शिधा-सामानाचे गाठोडे घेऊन पाच दिवसांत सुमारे ११८ किलोमीटर चालतात. त्यांच्या अंगावर सैल सदरा किंवा लुगडे, डोक्यावर भिजवलेला पंचा आणि त्यावर गाठोडे असते. गाठोड्याची सावली खांद्यांपर्यंत येते आणि ओला पंचा बाष्पीभवनाने डोके गार ठेवतो. दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थही, जसा २०१६ मध्ये, एप्रिल-मे महिन्यांत येतो, आणि तेव्हा सांवेरवरून जाणारी हीच वाट माणसांनी भरून जाते.

१८१८ च्या जानेवारीत झालेल्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, महूला इंग्रजांची छावणी पडली आणि उन्हाविषयीची एक सर्वस्वी वेगळी समजूत या प्रदेशात दाखल झाली. १८५७ च्या उठावात, त्या वर्षाच्या अखेरीस, ब्रिटिश सेनापती ह्यू रोझ याने महूत सूत्रे हाती घेऊन मध्य भारताची मोहीम सुरू केली, तेव्हा तिचा उत्तरार्ध मे-जूनमध्ये गेला. ७ मे १८५८ रोजी कूंच येथील लढाईत उष्माघाताने त्याचे अनेक सैनिक पडले आणि तो स्वतःही वारंवार कोसळला. अंगाला घट्ट बसणारा लोकरी कोट, गळ्याभोवती आवळलेली पट्टी आणि पाठीवर ओझे अशा वेषाने ऊन अडत होते, पण शरीराची उष्णता बाहेर पडत नव्हती. त्या उठावाच्या काळातच अनेक पलटणींनी आपले पांढरे सुती गणवेश चहाने, मातीने किंवा मिळेल त्या रंगाने मळकट करून घेतले. १८४६ च्या सुमारास हॅरी लम्स्डेनच्या गाइड्स पलटणीत वायव्य सरहद्दीवर सुरू झालेला खाकी रंग त्यानंतर सर्वत्र पसरला. शिरस्त्राणाभोवती देशी पगडीचे कापड गुंडाळण्याची रीतही गोऱ्या सैनिकांनी उचलली.

यानंतरचा टप्पा वैद्यकशास्त्राच्या इतिहासातही विलक्षण ठरतो. अतिनील किरणांचे अस्तित्व माहीत झाले होते, पण त्यांची पोच किती आहे हे ठाऊक नव्हते, त्यामुळे उष्ण कटिबंधातील सूर्यप्रकाश कवटी आणि पाठीचा कणा भेदून गोऱ्या माणसाच्या मज्जासंस्थेचा नाश करतो, असा सिद्धांत रूढ झाला. अमेरिकी लष्करी वैद्य चार्ल्स वुड्रफ यांनी १९०५ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि लुई सँबॉन या उष्ण कटिबंधीय रोगांच्या अभ्यासकाने एका बाजूने फिकट व दुसऱ्या बाजूने तांबडे दिसणारे 'सोलारो' हे कापड पुरस्कारले, ज्यातील तांबड्या धाग्यांनी घातक किरण अडतील अशी अपेक्षा होती. सोला या पाणवनस्पतीच्या हलक्या गराची टोपी, सदऱ्याच्या पाठीला बटणांनी जोडायची कापसाची गादी आणि पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा हा इंग्रजांच्या रेसिडेन्सीतील साहेबाचा उन्हाळी सरंजाम झाला. सोला टोपी हलकी आणि सावली देणारी असल्याने उपयुक्त होती. पाठीवरची गादी मात्र घाम अडवून ज्या संकटापासून रक्षण करायचे तेच वाढवत होती. अतिनील किरण त्वचेच्या वरच्या थरांपलीकडे जात नाहीत हे कळल्यावर आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोप्या घालून उष्ण प्रदेशांत लढल्यावर हा सिद्धांत मागे पडला. त्याचा दोष केवळ अज्ञानात शोधणे अपुरे आहे. ज्या देशात कोट्यवधी माणसे त्याच सूर्याखाली पिढ्यान्‌पिढ्या शेती करत होती, त्या देशातील माणसांच्या पोशाखाकडे शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहण्याची तयारी नव्हती, हे त्यामागचे अधिक खोल कारण होते.

दरम्यान इंदूरमध्ये कापडाचे उत्पादनच बदलत होते. दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीत १८६० च्या दशकात संस्थानाने स्वतःची कापड गिरणी काढण्याचे ठरवले, पुढे १९०९ मध्ये मालवा मिल आली आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात सर सरूपचंद हुकुमचंद यांची गिरणी उभी राहिली. राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी आणि नंदलाल भंडारी या गिरण्यांसह इंदूर मध्य भारतातील सुती कापडाचे मोठे केंद्र बनले. माळव्याच्या काळ्या जमिनीतील देशी कापूस आखूड धाग्याचा असल्याने त्यापासून बारीक नंबरचे सूत निघत नसे. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. तो जितका मोठा तितके सूत बारीक. कापसाचा दर्जा सुधारावा म्हणून १९२४ मध्ये इंदूरला वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली, आणि तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकामुळे खताची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. कापसासाठी काढलेली संस्था खतासाठी अजरामर झाली. लांब धाग्याच्या कापसाचा प्रसार होईपर्यंत सामान्य माणसाच्या वाट्याला आले ते मांजरपाट, म्हणजे जाडसर सुताचे, घट्ट विणीचे, न धुतलेले कोरे कापड.

मांजरपाटाला प्रतिष्ठा कधी मिळाली नाही, तरी उन्हाच्या दृष्टीने ते मलमलीपेक्षा सरस होते. न विरंजलेल्या कापसात नैसर्गिक रंगद्रव्ये आणि मेणासारखे पदार्थ शिल्लक राहतात व ते अतिनील किरण शोषतात. शुभ्र करण्याच्या प्रक्रियेत नेमके तेच निघून जातात. शिवाय सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटते आणि धाग्यांमधली भोके लहान होतात. कापड आणल्यावर ते रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे देण्याची जी रीत मराठी घरांत होती ती माप चुकू नये म्हणून होती, परंतु तिच्यामुळे सदरा पहिल्या दिवसापासून दाट विणीचा मिळत असे.

खेळासाठी वेगळा सदरा ही कल्पना इंदुरात क्रिकेटने रुजवली. १९२३ मध्ये होळकरांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरला बोलावून आपल्या सैन्यात कॅप्टन केले आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला. लांब बाह्यांचा, कॉलर असलेला सैलसर पांढरा सदरा इंग्लंडच्या हवेसाठी ठरला होता, पण दिवसभर उघड्यावर उभे राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाला, बाह्या खाली सोडून आणि कॉलर उभी करून, तो माळव्यातही उपयोगी पडला.

स्वातंत्र्यानंतर माळव्यातील कापडाचा पोत झपाट्याने बदलला. उज्जैन जिल्ह्यातील नागदा येथे १९५४ मध्ये ग्रासिमच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस धागा निघू लागला, त्यानंतर टेरिलीन, म्हणजे पॉलिस्टर, आणि त्यात सूत मिसळलेल्या टेरिकॉटचे दिवस आले, आणि न चुरगळणारा सदरा हे मध्यमवर्गाचे भूषण झाले. व्हिस्कोस घाम टिपते पण विरळ विणीत किरणांना फारसे अडवत नाही; पॉलिस्टर आपल्या रासायनिक रचनेमुळे अतिनील किरणांचा मोठा भाग शोषते, पण घाम टिपत नाही. दोहोंपैकी कोणताही धागा एकटा पुरेसा नव्हता. याच काळात गिरण्या खचत गेल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकलेल्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये मंजूर व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. ज्या हातांनी शहराला कापड दिले त्यांच्या हक्काच्या पैशांसाठी लागलेली ही बत्तीस वर्षे इंदूरच्या वस्त्रोद्योगाच्या कोणत्याही इतिहासात लिहिली गेलीच पाहिजेत. गिरण्यांच्या जागी परदेशीपुऱ्यासारख्या भागांत तयार कपड्यांची शिवण वाढली, आणि कारखानदारीचा भार सांवेर रोड व पीथमपूरकडे सरकला.

कापडाची उन्हापासून रक्षण करण्याची ताकद अंकांत मोजण्याची रीत याच सुमारास पक्की झाली. त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडसह १९९६ मध्ये त्यासाठी मानक प्रसिद्ध केले आणि 'यूपीएफ' हा अंक रूढ झाला. यूपीएफ म्हणजे कापड अतिनील किरणांचा परिणाम किती पटींनी कमी करते ते. ५० अंकाच्या कापडातून पन्नासावा हिस्सा, म्हणजे दोन टक्के, आत येतो. साध्या पांढऱ्या पातळ सुती टी-शर्टचा अंक बहुधा पाच ते दहाच्या दरम्यान असतो, आणि तो घामाने भिजून अंगाला चिकटला की आणखी घसरतो, कारण धाग्यांमधली जागा पाण्याने भरल्यावर प्रकाश विखुरण्याऐवजी सरळ आत जातो. आज हलक्या उन्हाळी सदऱ्यांसाठी बारीक पॉलिस्टर किंवा नायलॉनचे, घाम पसरवून लवकर वाळवणारे कापड वापरतात आणि पाठीवर किंवा काखेत जाळीची पट्टी देतात. ही जाळी नेमकी जेथे ऊन पडते तेथे, म्हणजे खांद्यावर, असेल तर छापलेल्या अंकाला अर्थ उरत नाही. तो अंक नव्या, कोरड्या आणि न ताणलेल्या तुकड्यावर मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. ताणले जाणारे घट्ट कापड अंगावर चढताच त्याची भोके उघडतात. म्हणून कापड दिव्यासमोर धरून किती उजेड येतो ते पाहणे, एक माप सैल घेणे, पूर्ण बाह्या आणि कॉलर असणे व फिक्या पांढऱ्यापेक्षा मध्यम गडद रंग निवडणे, ही निवडीची जुनी पद्धत अंक छापलेल्या सदऱ्यालाही लागू पडते. मराठी शहरांतील दुचाकीस्वार स्त्रियांनी स्वीकारलेला सनकोट, म्हणजे नेहमीच्या कपड्यांवर चढवायचा सैल सुती पूर्ण बाह्यांचा कोट, आणि त्यावर चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ हे थरांच्या तत्त्वाचेच आजचे रूप आहे. त्याची शिफारस कोणत्याही मानकाने केली नव्हती. बायकांनी आणि गल्लीतल्या शिंप्यांनी मिळून ते घडवले.

सांवेर रोडवर मात्र सदऱ्याची निवड बहुतेक वेळा तो घालणाऱ्याच्या हातात नसते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या खोलीतील वायुवीजन आणि तापमान यांची जबाबदारी मालकावर टाकली, परंतु मालमोटारीतून पोती उतरवणारा हमाल, फाटकावरचा पहारेकरी आणि आवारात पत्रे कापणारा मजूर हे खोलीच्या बाहेर असतात. त्यांना मिळणारा गणवेश ठेकेदार घाऊक दराने घेतो, आणि त्यात कापड किती टिकेल व मळ किती लपेल एवढेच पाहिले जाते. बहुतेकदा ते अर्ध्या बाह्यांचे, अंगासरशी शिवलेले टेरिकॉट असते. अर्ध्या बाह्यांऐवजी पूर्ण बाह्या, एक माप मोठा घाट, काखेत हवा येण्यासाठी तुकडा, सूत अधिक असलेले मिश्र कापड आणि सोबत एक सुती पंचा, एवढ्या अटी खरेदीच्या कागदावर लिहिल्या तर खर्च थोडाच वाढेल. त्या लिहिल्या जात नाहीत तोवर हमाल स्वतःच घरून पंचा आणतो, नळाखाली भिजवतो आणि मानेवर टाकून पुढचे पोते उचलतो.